केवळाबाईची टाच

केवळाबाईने मला फसवलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पालममध्ये लोक उलटं बोलतात. मंदाबाईला कोण फसवणार, तीच चौघांना फसवून येईल, असं म्हणतात. म्हणोत. डोक्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन मी गावोगावचे बाजार केले आणि त्यातून बसस्टँडच्या मागे स्वतःचं दुकान उभं केलं. आजवर मला कुणी विरलेला काठ विकू शकलेलं नाही. आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या, साठी ओलांडलेल्या, एका खोलीत एकटीने राहणाऱ्या बाईने मला भर दुपारी, लख्ख उजेडात, समोर बसवून फसवलं. तिने माझं काही घेतलं नाही. घेतलं असतं तर मी वसूल केलं असतं.

केवळाबाई पायाळू होती. म्हणजे जन्मताना डोक्याआधी तिचे पाय बाहेर आले. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, हे आमच्याकडे सगळे मानतात. मानत नाही म्हणणारेही पाठ धरली की मानतात. तिचं माहेर पिंगळीचं, घर रेल्वेच्या रुळाला लागून. ती सांगायची, "माय अडली. सुईण म्हणली, उलटं हाय, वाचत न्हाई. तेवढ्यात गाडीनं शिट्टी मारली, अन् म्या आधी पाय काढले. मला वाटलं गाडी चुकती का काय." हे तिने मला किमान वीस वेळा सांगितलं आणि वीसही वेळा स्वतःच आधी हसली.

माझी तिची गाठ पडली ती दहाएक वर्षांपूर्वी. बसच्या टपावरून गाठोडं उतरवून घेताना माझ्या कमरेत असं काही निघालं की मी तिथेच स्टँडवर ओणवी राहिले. सरळ होता येईना, बसता येईना. मग सुरू झाले उपाय. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला. विटकर तापवून झाली. एकीने बिब्बा घातला, त्याचा डाग अजून आहे. तुंबड्या लावणाऱ्याने रक्त काढलं. डॉक्टरने सुई दिली, गोळ्या दिल्या, पट्टा दिला. शेवटी परभणीला जाऊन पाठीचा फोटो काढला. तिथले डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, "मणके चांगले आहेत. स्नायू आखडलेत. वजन उचलू नका." मी म्हटलं, "वजन नाही उचललं तर खाऊ काय?" ते म्हणाले, "पुढचा पेशंट."

दुसऱ्या दिवशी शेजारणीने मला धरून केवळाबाईकडे नेलं. माझ्या दुकानापासून चार घरं सोडून तिची खोली. उजाडायच्या आधी जायचं, चूळही न भरता, हा नियम.

"कपडेवाली मंदा का गं तू?" तिने विचारलं.

"हो. लवकर करा आक्का, मला दुकान उघडायचंय."

"तीन सकाळी यावं लागतंय."

"तीन कशाला? आजच तीनदा लावा पाय. उद्या माझा बाजार आहे."

"आजच तीन दिसाचं जेवून दोन दिस उपाशी ऱ्हातीस का?"

"बरं, दोन सकाळी. तुमचं नको, माझं नको."

ती दाराची चौकट धरून हसली. "बाई, हितं भाव होत न्हाई. तीन म्हंजी तीन. पड पालथी."

मी पालथी पडले. तिने एका हाताने चौकट धरली, डोळे मिटले आणि उजव्या पायाची टाच माझ्या मानेखाली टेकवली. तिथून एकेक बोट खाली सरकत कमरेपर्यंत आली. जोर नव्हता. टाच गरम होती आणि इतकी भेगाळलेली की माझ्या पोलक्याच्या धाग्यात अडकायची. सात वेळा वरून खाली. शेवटी एक हलकी लाथ.

"डाक्टरनं गोळ्या दिल्या का?"

"दिल्यात. गुण काही नाही."

"किती खाल्ल्या?"

"दोन."

"दोनच खाल्ल्या अन् गोळीला नाव ठेवायलीस? पाय माजा, गोळी डाक्टरची, आराम तुजा तुला. तिन्ही लागतंय. निसत्या पायानं बरं झालं असतं तर म्या दवाखाना काढला असता."

हे तिचं ठरलेलं बोलणं होतं. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती हे ऐकवायची. मी तीन सकाळी गेले, गोळ्याही पूर्ण खाल्ल्या आणि चौथ्या दिवशी सरळ उभी राहिले. पायाने बरी झाले, गोळीने झाले की तीन दिवस गाठोडं न उचलल्याने झाले, ते मला आजही सांगता येणार नाही. पण मी तिच्यासाठी एक चांगली साडी घेऊन गेले. तिने हात लावला नाही. पायाळूने काही घेतलं तर पायाचा गुण जातो म्हणे. मी म्हटलं, मग कमी किमतीतली घ्या. ती म्हणाली, "तू लय चिवट हाईस. बस, चहा पी."

चहा मात्र सोडायची नाही. पाय लावून झाला की बाईने बसायचं, चहा घ्यायचा आणि बोलायचं. चहा गुळाचा, भरपूर आणि इतका गरम की घाईने पिता येत नसे. एक-दोनदा मी बशीत ओतून फुंकून पटकन संपवला, तर तिने पुन्हा कप भरला. सुनेची तक्रार, लेकीचं बाळंतपण, सरकारी दवाखान्याच्या आशाताईने कुणाला काय सांगितलं, सगळं त्या चहाबरोबर तिच्याकडे जमा व्हायचं. स्वतःचं ती फारसं सांगत नसे. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. एकुलती लेक चाकणला कंपनीत कामाला, तिचा दर रविवारी फोन. फोन आला की केवळाबाई उभी राहून बोलायची आणि "समदं बरं हाय" म्हणून ठेवायची.

त्या खोलीत एक विचित्र गोष्ट होती. बाया दवाखान्यातून फोटो काढून आणायच्या आणि आधी तिला दाखवायच्या. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ बघायची. बऱ्या झालेल्या बाया ते फोटो तिथेच टाकून जायच्या. कुणाला घरात आपली हाडं नको असतात. माझाही मी तिथेच टाकला होता आणि विसरून गेले होते. तिने दोन फोटो खिडकीच्या फुटक्या काचांच्या जागी लावले होते. सकाळचं ऊन आलं की समोरच्या भिंतीवर कुणाच्या तरी बरगड्या उमटायच्या. बाकीचे फोटो ट्रंकेच्या मागे उभे लावून ठेवलेले. कोणता कुणाचा ते तिला तोंडपाठ होतं.

"ही गंगूची कंबर. हे सरपंचाच्या सासूचं गुडघं. आन् ही तुजी बग, कशी ताठ हाय, तुज्यासारखीच."

"फेकून द्या की आक्का. भुतासारखे दिसतात."

"ऱ्हाऊ दे गं. बाया असत्यात तेवढ्याच सोबतीला."

मी हसले होते. तीही हसली होती.

तिच्या टाचेला खरंच काही कळायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गावातल्या एका डॉक्टरची बायको एकदा तोंडाला स्कार्फ बांधून मागच्या दाराने आली. नवऱ्याला कळू नये म्हणून. ती पालथी पडली, केवळाबाईने टाच ठेवली आणि दुसऱ्याच वेळेला उचलली.

"बाई, ही उसण न्हाई. हे आतलं हाय. पाठीत न्हाई, पोटाकडून यायलंय."

"अहो, पण पाठच दुखतेय."

"दुखतंय हितं, निगालंय तितून. घरात डाक्टर आसून म्हातारीच्या पायाला काय आलीस? जा, नवऱ्याला सांग. अन् तोंडाचं फडकं काढून जा, कोणी मारत न्हाई तुला."

मूतखडा निघाला. डॉक्टरने तिला काही विचारलं नाही, पण त्यानंतर त्याच्या दवाखान्यातून कंटाळलेल्या बायांना कंपाउंडर हळूच केवळाबाईचं घर दाखवायला लागला. आणि केवळाबाई ज्यांच्या पायाला मुंग्या येतात, ज्यांना पाठीबरोबर ताप येतो, ज्यांचं वजन उतरलंय, अशांना पायच लावत नसे. सरळ म्हणायची, "हितं येळ घालू नको. परभणीची बस धर." कुणाला परभणीला पाठवायचं ते तिला पक्कं कळत होतं. म्हणूनच माझा राग शांत होत नाही.

आता या बायांचंही सांगते, कारण त्यांनाही सोडणार नाही. पायाळू माणसावर वीज पडते, असाही एक समज आहे. केवळाबाई तेव्हा खुरपायला जायची. एकदा मीही वसुलीला त्या रानाकडे गेले होते. दुपारी आभाळ भरून आलं आणि गडगडायला लागलं. कापसाच्या ओळीत दहा-बारा बाया. त्यातली एक ओरडली, "केवळाक्का, तिकडं लांब जा ना माय! आमाला लेकरं हाईत."

ती निमूटपणे उठली. खुरपं कमरेला खोचलं आणि बांधापलीकडे जाऊन मोकळ्या रानात एकटीच उकिडवी बसली. बाया लिंबाखाली गोळा झाल्या. त्यातल्या निदान सहा जणींच्या पाठीवर तिचा पाय पडलेला मला माहीत होता. मी तिथूनच ओरडले, "अगं, सकाळी तिचा पाय चालतो, आणि आता ती चालत नाही होय?" एकजण म्हणाली, "तुला काय जातंय बोलायला? तू जा की तिच्याजवळ." मी निघाले, तर केवळाबाईनेच लांबून हात केला. "नको येऊ गं मंदे! खरंच पडली तर तुजं दुकान कोण बगंल?"

मी थांबले. तेव्हा हट्टाने गेले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. वीज काही पडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातलीच एक कंबर धरून तिच्या दारात उभी होती, आणि केवळाबाईने तिला गुळाचा चहा पाजला. मी तिथे असते तर त्या बाईला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिने मला विचारलं, "मंदे, तू गावोगाव हिंडतीस. आणखी कोणी पायाळू हाय का तुज्या वळखीत?"

"कशाला? धंद्याला भागीदार हवाय?"

"एका बाईला पायजे. माजा पाय लागत न्हाई तिला."

मी चौकशी केली. मला चौकशी जमते. येलदरीला धरणावर मासे धरणारा एक म्हातारा पायाळू निघाला. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बापयाचा पाय कसा चालंल?" मग जरा थांबून म्हणाली, "सांगते तिला." मी विसरून गेले. कोण बाई, कुठली, हे विचारावंसं मला वाटलं नाही. माल घेताना मी शंभर प्रश्न विचारते.

पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या बस्त्यासाठी येलदरीला गेले, तेव्हा तो म्हातारा भेटला. पालमचं नाव ऐकताच म्हणाला, "तुमच्या गावची एक बाई आली होती की माझ्याकडं. उंच, काळीसावळी. ती बी पायाळूच म्हणली."

मी विचारलं, "एकटी होती?"

"एकटीच. दोन बसा बदलून आली बिचारी. दुपार झालती. म्या म्हणलं, बाई, हे सकाळचं काम हाय, तीन दिस ऱ्हावं लागतंय. ती म्हणली, दादा, ऱ्हाऊ कुटं? आज जेवढा लागंल तेवढा लाव. म्या लावला. पण तिच्या पाठीत एक मणका असा वर आल्याला, पायाला टोचला. म्या भ्यालो. म्हणलं, बाई, हे माझ्या पायाचं काम न्हाई, मोठ्या दवाखान्यात जा."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणली, म्या बी बायांना असंच सांगत असते. पदर सारका केला अन् गेली बसला."

पालमहून परभणी, परभणीहून जिंतूर, जिंतूरहून येलदरी. त्या पाठीने. आणि परत तसंच. मी बस्ता अर्ध्यात टाकला आणि संध्याकाळच्या आत तिच्या दारात येऊन उभी राहिले.

"आक्का, ती बाई कोण होती? येलदरीला गेलेली?"

"कोणती?"

"जिला तुमचा पाय लागत नाही ती!"

"वरडू नको. बाया ऐकत्यात."

"ऐकू देत! पाठ दुखतेय तर मला सांगायला काय झालं? मी मेले होते? उद्या परभणीला चला, फोटो काढू."

ती शांतपणे उठली. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला, तो मी पहिल्यांदा पाहिला. ट्रंकेजवळ गेली आणि एक खाकी पाकीट घेऊन आली. "काडला की फोटो. येलदरीहून येताना परभणीला उतरले, अन् काडला. बग."

तिने फोटो बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "हात लावू नको. डाग पडला तर डाक्टर बोलतोय." दोन्ही हातांनी तिनेच धरला. मी पाहिला. पुष्कळ बायांचे फोटो त्या घरात बघून मलाही आता कळतं, असं मला वाटायला लागलं होतं. मणक्यावर मणका, रांगेत, ताठ. कुठे वर आलेला नाही, कुठे खचलेला नाही.

"यात तर काही नाही," मी म्हटलं.

"तेच डाक्टर म्हणला."

"कणा तर एखाद्या तरण्या बाईसारखा आहे तुमचा."

"हाय ना?" ती म्हणाली. "म्हाताऱ्याच्या पायाला काय कळतंय? मासं धरणारा त्यो. बस, चहा ठेवते."

साडी घेताना मी आधी काठ बघते. मधलं कापड कुणीही चांगलं विणतं, लबाडी काठाला असते. त्या दिवशी मी मधलं बघितलं. फोटोच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा होता. तो अंगठा मला दिसला होता. मी त्याला म्हटलं नाही की बाजूला हो.

मी समाधानाने चहा प्यायले आणि घरी गेले.

नंतरचे तीन-चार महिने ती बायांना पाय लावतच होती. चौकट आता दोन्ही हातांनी धरायची. "वय झालं," म्हणायची. मीही तेच म्हणायचे. तिच्या पाठीत काही नाही, मी स्वतः फोटो बघितलाय, असं मी दोन-तीन जणींना ठासून सांगितलंही. मग एका सकाळी गंगू धावत दुकानात आली. केवळाक्काचा पाय तिच्या पाठीवर टेकलाच नाही, मधेच लुळा पडला आणि ती चौकटीला धरून खाली बसली, म्हणाली.

मी जीप बोलावली. तिच्या कपड्यांसाठी ट्रंक उघडली तर वर एक बिस्किटांचा डबा. त्यात गोळ्यांची अर्धीमुर्धी पाकिटं. बऱ्या झालेल्या बायांच्या उरलेल्या गोळ्या. दुखलं की ती त्यातली एक खायची. लुगडं नीट करायला गेले तर आत कंबरपट्टा, तोही कुणीतरी टाकून दिलेला. खाकी पाकीट तेवढं काखेत घेतलं.

जीपमध्ये ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. गंगाखेड मागे पडल्यावर मी विचारलं, "इतके दिवस का नाही बोललात?"

"पायाळूचीच पाठ मोडली म्हणल्यावर कोण यील गं माज्याकडं?"

"नाही आल्या तर नाही आल्या! त्यांच्याकडून तुम्हाला काय मिळतं?"

जीप खड्ड्यातून गेली तशी तिने माझा पदर घट्ट धरला. मग म्हणाली, "सकाळी दार वाजतंय, मंदे. दारच वाजलं न्हाई तर उठायचं कशाला?"

परभणीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने केवळाबाईला कुशीवर केलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबली. पायाच्या तळव्यावर किल्ली ओढली. अंगठा हलला नाही. मग मला विचारलं, "आधी काही तपासण्या केल्यात?"

"तीन-चार महिन्यांपूर्वीचा फोटो आहे," मी म्हटलं. जरा ऐटीतच म्हटलं असेन. "त्यात काही नव्हतं. मी स्वतः बघितलाय."

तिने फोटो काढून भिंतीवरच्या दिव्यावर लावला. बघितला. मग वाकून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली.

"पेशंटचं नाव केवळाबाई ना?"

"हो."

"यावर मंदा लिहिलंय. वय छत्तीस. हा दहा वर्षांपूर्वीचा आहे."

तिथे चार पेशंट होते, दोन नर्स होत्या. सगळ्यांसमोर माझा स्वतःचा कणा दिव्यावर लटकत होता. मी त्याला तरण्या बाईसारखा म्हणाले होते, ते बरोबरच होतं. मी केवळाबाईकडे वळले आणि काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नर्स म्हणाली, "बाई, हा दवाखाना आहे." केवळाबाई खाटेवरून माझ्याकडे बघत होती.

"चिडू नको," ती म्हणाली. "तुजा कणा चांगला हाय. तुला बी कळलं, मला बी कळलं."

नवा फोटो काढला, मोठ्या मशीनमध्ये घातलं, पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. डॉक्टरीण मला बाहेर बोलावून म्हणाली, "औषधं आहेत, बरा होणारा आजार आहे. पण पस मज्जारज्जूवर दाबतोय. पाय किती परत येतील, ते आज सांगता येत नाही. ताकद जायच्या आधी आला असतात तर हे सांगायची वेळ आली नसती."

"किती आधी?"

"तीन-चार महिने."

तीन-चार महिने. ती खिडकीतली दुपार.

ऑपरेशन झालं. लेक चाकणहून आली. तिला आईच्या पाठीचं काहीच माहीत नव्हतं, कारण दर रविवारी समदं बरं होतं. ती आईला घेऊन जायला तयार होती, पण तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. म्हणून केवळाबाईला पिंगळीला, भावाच्या घरी ठेवलं. पालमची तिची खोली मालकाने दुसऱ्याला दिली. खिडकीतले फोटो काढून खरी काच बसवली. दोनदा पहाटे बाहेरगावच्या बाया त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, नवीन भाडेकरणीने त्यांना परतीची वाट दाखवली. गावातल्या बाया आता कुणा दुसऱ्याकडे जातात. त्यातली एकसुद्धा पिंगळीला गेलेली नाही. मी विचारलं आहे, एकेकीला दुकानात थांबवून विचारलं आहे. एकीला टीबीची भीती वाटते, एकीला वेळ नाही. एकीने साडी तशीच टाकली आणि निघून गेली. जाऊ दे.

मी मागच्या महिन्यात गेले. दुपारची वेळ. भाऊ-भावजय रानात. घराला लागूनच रूळ. केवळाबाई ओट्यावरच्या खाटेवर, दाराकडे तोंड करून पडलेली. लहान झाली होती. गोळ्या रोज बरोबर खाते म्हणाली, आणि मी पाकीट मोजून बघितलं. आता मी मोजते. गोळ्या बरोबर होत्या.

"पायाचं काय?" मी विचारलं.

"येतंय की हळूहळू. परवा अंगठा हलला."

"खरं?"

"तुला खोटं कामून सांगू?"

मला या प्रश्नावर हसू आलं नाही. तिलाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण तिने तोंड रुळाकडे फिरवलं. मी खाटेच्या पायथ्याशी गेले, चादर बाजूला केली. ती टाच. भेगा बुजल्या होत्या. चालणं नाही, चिखल नाही, लहान मुलासारखी मऊ टाच झाली होती. मी म्हटलं, "आक्का, तिकडेच बघा. मी बोट लावते. कळलं की सांगा."

"लाव."

मी बोट पुढे केलं. तळव्यापासून दोन बोटं अंतरावर ते थांबलं. मला धीर होईना.

"कळलं," ती म्हणाली. "कळलं गं, गार हाय तुजं बोट."

मी अजून लावलंच नव्हतं.

एक मालगाडी आली. पुष्कळ डबे होते. ती जाईपर्यंत काही बोलता येत नव्हतं, आणि ती गेल्यावर मी चादर ओढली, चहा केला. गुळाचा, खूप गरम. तिने दोन कप घेतले आणि मलाही दोन पाजले. मी निघाले तेव्हा उन्हं कलली होती. फाटकाजवळून मागे पाहिलं. ती दाराकडे तोंड करून तशीच पडली होती. माझ्याकडे बघत नव्हती. दाराच्या कडीकडे बघत होती.

तर माझी तक्रार अशी आहे. त्या ट्रंकेमागे वीस-पंचवीस बायकांचे फोटो होते. कोणता कुणाचा, हे तिला अंधारातही सांगता आलं असतं. गंगूचा होता, सरपंचाच्या सासूचा होता. तिने माझाच का काढला? माझ्यासमोर माझीच पाठ धरताना तिला काय वाटत होतं? मी ओळखीन म्हणून धरली, की ओळखणार नाही म्हणून? याचा जाब मला पाहिजे. माझ्याकडूनही जाब निघतो, ते मला माहीत आहे. मी कोपरा का बघितला नाही, तो अंगठा का उचलला नाही, आणि ज्यातलं मला कळत नाही त्यात काही नाही, असं दोन-तीन जणींना का सांगत सुटले. तो मी देईन. पण आधी तिचा.

आणि तो मी पिंगळीला जाऊन घेणार नाही. निरोपावर, फोनवर, रविवारच्या "समदं बरं हाय"वर घेणार नाही. यात भाव होणार नाही. केवळाबाईने पालमच्या स्टँडवर उतरावं, चालत यावं, माझ्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढाव्यात आणि माझ्यासमोर उभं राहून सांगावं. मी रोज उजाडायच्या आधी दुकान उघडते. तिने दार वाजवावं.